संगणकाचा गंधार का खटकला?

१९९२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतील ही गोष्ट आहे. मी तेव्हा आठवीत होतो. आमच्या शाळेत एक लहानसा संगणक होता. इंग्लंडमधील सिंक्लेअर कंपनीच्या 'स्पेक्ट्रम' नावाच्या घरगुती संगणकाची ती भारतात जुळणी केलेली आवृत्ती होती. आजच्या मानाने ते यंत्र फारच साधे. कळफलक हाच सगळा संगणक. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि आज्ञावली साठवायला गाण्याची कॅसेट वापरायची. सुट्टीत आमचे गणिताचे सर तो संगणक शाळेतून घरी नेत असत. पण सरांकडे टीव्ही नव्हता, आमच्याकडे होता. त्यामुळे त्या दिवाळीत आठ दिवस संगणक आमच्या घरी मुक्कामाला आला!

या संगणकाला 'बीप' अशी एक आज्ञा कळत असे. तिच्यापुढे दोन आकडे लिहायचे. पहिला आकडा स्वर किती सेकंद वाजवायचा ते सांगतो आणि दुसरा आकडा स्वर किती उंच हवा ते सांगतो. दोन दिवस खटपट करून मी सा ते वरचा सा असे सगळे शुद्ध स्वर वाजवणारी एक आज्ञावली तयार केली आणि मोठ्या ऐटीत आजोबांना ऐकवायला बोलावले. आजोबा भजनी मंडळात गात असत. त्यांनी कोपऱ्यातला तंबोरा काढला, संगणकाचा षड्ज घेऊन तो जुळवला आणि डोळे मिटून तंबोरा छेडत ते माझी आज्ञावली ऐकू लागले. दोन-तीनदा ऐकल्यावर ते म्हणाले, "पंचम बरा आहे. पण गंधार वर लागतोय रे तुझ्या यंत्राचा."

मी आठवीतला शहाणा! मी म्हणालो, "आजोबा, संगणक चुकत नाही."

"मग माझाच कान चुकत असेल," असे म्हणून ते हसले आणि त्यांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली.

चूक कोणाची होती? संगणकाची, आजोबांच्या कानाची, की माझी? या प्रश्नाचे उत्तर मला पाच-सहा वर्षांनी, पदवीच्या वर्गात ध्वनीचा अभ्यास करताना मिळाले. ते उत्तर आज तुम्हांला सांगायचे आहे. पण त्यासाठी आधी संगणक गातो कसा, ते पाहू.

एक तार, दोन अवस्था

स्पेक्ट्रम संगणक एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आला. त्याच्या पोटात एक छोटासा स्पीकर बसवलेला होता. हा स्पीकर ज्या तारेने जोडलेला होता, तिला दोनच अवस्था ठाऊक होत्या : विद्युत्दाब आहे किंवा नाही, म्हणजेच १ किंवा ०. आवाज लहानमोठा करण्याची सोय नव्हती. बासरीसारखा किंवा सतारीसारखा आवाज निवडण्याचीही सोय नव्हती. १ म्हटले की स्पीकरचा पडदा एका बाजूला ढकलला जाई आणि ० म्हटले की परत येई. प्रत्येक वेळी 'टक्' असा बारीक आवाज होई, इतकेच.

मग या टकटकीतून स्वर कसा निघणार? तुम्ही ध्वनीच्या पाठात शिकला आहात, की हवेत ठरावीक कालावधीने पुन्हापुन्हा कंपने झाली तर आपल्याला स्वर ऐकू येतो, आणि दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, म्हणजे वारंवारता, जितकी जास्त तितका स्वर उंच. पेटीवरील मधल्या सप्तकातील पांढरी एक ही पट्टी घ्या. तिची वारंवारता सुमारे २६१.६३ हर्ट्‌झ आहे. म्हणजे स्पीकरचा पडदा एका सेकंदात सुमारे २६२ वेळा पुढेमागे झाला पाहिजे.

आता संगणकाकडे वळू. स्पेक्ट्रममध्ये 'झेड-८० ए' नावाचा सूक्ष्मप्रक्रियक होता. त्याचे घड्याळ सेकंदाला ३५ लाख ठोके देई. पांढरी एकच्या एका पूर्ण कंपनाला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात असे सुमारे ६,६८९ ठोके पडतात. (३५,००,००० ला २६१.६३ च्या दुपटीने भागून पहा.) तेव्हा कृती अशी ठरते : तारेवर १ ठेव, ६,६८९ ठोके मोज. तारेवर ० ठेव, पुन्हा ६,६८९ ठोके मोज. हेच पुनःपुन्हा करत रहा. एवढे केले की स्पीकरमधून षड्ज ऐकू येतो.

म्हणजे संगणक खरे तर गात नव्हता. तो फक्त मोजत होता. अचूक मोजले तर स्वर लागे आणि मोजण्यात चूक झाली तर स्वर बेसूर होई. जुन्या घरगुती संगणकांवरील संगीताचे सगळे मर्म एवढ्यात आहे.

हा आवाज ऐकायला मात्र थोडा पिपाणीसारखा, कर्कश लागे. त्याचे कारण असे की, पडदा सावकाश पुढेमागे न होता झटक्याने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो. अशा कंपनाचा आलेख काढला तर तो चौकोनी येतो. चौकोनी तरंगात मूळ स्वराबरोबर त्याच्या ३ पट, ५ पट, ७ पट वारंवारतेचे स्वरही मिसळलेले असतात. त्यांच्यामुळे आवाजाला तो धारदारपणा येतो.

मोजून गाणारे पूर्वज

संगणकाकडून गाऊन घेण्याची ही युक्ती स्पेक्ट्रमहून बरीच जुनी आहे. १९५१ साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे आणि इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे खोलीभर पसरलेल्या संगणकांनी गाण्यांच्या चाली वाजवल्या होत्या. या यंत्रांना स्पीकर जोडला होता तो संगीतासाठी नव्हे. काम कुठवर आले, यंत्र अडले की काय, हे चालकाला ऐकून कळावे म्हणून ती सोय होती. ठरावीक अंतराने 'टक्' वाजवली की स्वर निघतो, हे आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या लगेच ध्यानात आले. मँचेस्टरच्या यंत्राच्या माहितीपुस्तकात अ‍ॅलन ट्युरिंग या थोर गणितज्ञाने या स्पीकरविषयी लिहिले होते. ते वाचून ख्रिस्तोफर स्ट्रेची या शाळामास्तराने त्या यंत्राकडून ब्रिटिश राष्ट्रगीताची चाल वाजवून घेतली.

मँचेस्टरच्या संगीताचे ध्वनिमुद्रण बीबीसीने १९५१ साली केले होते. २०१६ साली न्यूझीलंडमधील जॅक कोपलंड आणि जेसन लाँग या दोन अभ्यासकांनी ते तपासले, तेव्हा त्यात काही असे स्वर सापडले, की जे त्या यंत्राला वाजवताच येणे शक्य नव्हते! हे त्यांना कसे कळले? यंत्राला पूर्ण ठोकेच मोजता येतात, साडेतीन ठोके मोजता येत नाहीत. त्यामुळे त्याला कोणते स्वर वाजवता येतील याची यादी आकडेमोडीने करता येते. ध्वनिमुद्रणातील स्वर त्या यादीत बसेनात. याचा अर्थ मुद्रणाची तबकडीच चुकीच्या गतीने फिरली असली पाहिजे. किती चुकीच्या, हेही गणिताने काढता आले आणि १९५१ चा तो आवाज मूळ सुरात पुन्हा ऐकता आला.

घरगुती संगणकाची कथा तर याहून गमतीची. १९७५ साली अमेरिकेत 'अल्टेअर ८८००' हा सुटे भाग आणून घरी जोडण्याचा संगणक मिळू लागला. त्याला ना कळफलक, ना पडदा, ना स्पीकर. होते ते फक्त दिवे आणि खटके. एप्रिल १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींच्या बैठकीत स्टीव्ह डॉम्पिअर याने असा संगणक मांडला, त्याच्याजवळ एक साधा रेडिओ ठेवला आणि खटके वरखाली करून आज्ञावली भरली. रेडिओतून गाण्याची चाल ऐकू येऊ लागली! संगणकातील विद्युत्प्रवाह वेगाने चालूबंद होत असल्याने त्यातून रेडिओतरंग बाहेर पडतात. जवळच्या रेडिओला ते खरखर म्हणून ऐकू येतात. डॉम्पिअरने आज्ञावलीतील फेऱ्या अशा मोजून बसवल्या, की ती खरखरच स्वरांत बोलू लागली.

घरी लिहिलेली आज्ञावली

स्पेक्ट्रमच्या काळापर्यंत हे काम पुष्कळच सोपे झाले होते. माझी त्या दिवाळीतील आज्ञावली पहा. संगणकावर हे शब्द रोमन लिपीत उमटत. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

१० फॉर न = १ टू ८
२० रीड प
३० बीप ०.५, प
४० नेक्स्ट न
५० डेटा ०, २, ४, ५, ७, ९, ११, १२

शेवटच्या ओळीतील आकडे हे स्वर आहेत. ० म्हणजे षड्ज, पांढरी एक. पेटीवर त्याच्या शेजारची पट्टी, मग ती काळी असो वा पांढरी, म्हणजे १. त्याच्या पुढची २. याप्रमाणे वरच्या षड्जाचा आकडा १२ येतो. म्हणून रे साठी २, ग साठी ४, म साठी ५, प साठी ७, ध साठी ९ आणि नी साठी ११. संगणक एकेक आकडा वाचतो आणि तो स्वर अर्धा सेकंद वाजवतो.

पण ही आज्ञा वापरणाऱ्याला एक अडचण लवकरच जाणवे. 'बीप' चालू असताना संगणकाला दुसरे काहीच करता येत नसे. मोजण्यातच तो इतका गुंतलेला असे, की पडद्यावरचे चित्रही हलवता येत नसे. शाळेत एखाद्या मुलाला सूर्यनमस्कार मोजायला उभे केले, तर त्याला मध्येच दुसऱ्याशी बोलता येत नाही, तसाच हा प्रकार.

म्हणून हौशी मुले यंत्राच्या भाषेत स्वतःची मोजणी लिहू लागली. आकडा एकाने कमी कर, शून्य झाला का पहा, नसेल तर पुन्हा मागे जा, अशी ती फेरी असे. झेड-८० मध्ये अशा एका फेरीला २६ ठोके लागतात. आता एक हिशेब करू. इतर आज्ञांना लागणारा थोडा वेळ सोडून द्या. षड्जासाठी ६,६८९ ठोके हवेत. ६,६८९ ला २६ ने भागले तर २५७.३ येतात. पण फेरी अपुरी करता येत नाही, म्हणून २५७ फेऱ्या घेऊ. मग वारंवारता येते २६१.९० हर्ट्‌झ. हवी होती २६१.६३. फरक इतका थोडा, की तो कानाला कळणार नाही.

आता याच षड्जाच्या तीन सप्तके वर जाऊ. तेथे वारंवारता आठपट, म्हणजे सुमारे २,०९३ हर्ट्‌झ हवी. ३२ फेऱ्या घेतल्या तर २,१०३ मिळते आणि ३३ घेतल्या तर २,०४०. या दोहोंच्या मध्ये काहीच नाही! पेटीवरील दोन शेजारच्या पट्ट्यांत जेवढे अंतर असते, त्याच्या जवळजवळ निम्मी ही उडी आहे. शिडीच्या खालच्या पायऱ्या अगदी जवळजवळ आणि वरच्या मात्र लांबलांब, असा हा प्रकार. यामुळे घरी लिहिलेल्या आज्ञावल्यांत वरचे स्वर पुष्कळदा बेसूर लागत. ही मर्यादा मँचेस्टरच्या यंत्राचीच : पूर्ण आकडेच मोजता येतात. 'बीप' या आज्ञेमागे कंपनीने लिहिलेली मोजणी मात्र ४ ठोक्यांच्या बारीक पायऱ्यांनी होई, म्हणून ती पुष्कळच सुरेल होती.

एकाच तोंडाने अनेक स्वर

जिला दोनच अवस्था आहेत अशा तारेतून एका वेळी दोन-तीन स्वर काढता येतील का? पहिल्या विचारात 'नाही' असेच उत्तर येते. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी ते खोटे ठरवले.

एक युक्ती अशी : सा, ग आणि प हे तीन स्वर आळीपाळीने, प्रत्येकी सेकंदाचा पन्नासावा भाग, वाजवायचे. कान इतक्या वेगाने स्वर वेगळे करू शकत नाही. त्याला तिन्ही मिळून एक झंकार ऐकू येतो. दुसरी युक्ती याहून सूक्ष्म आहे. प्रत्येक स्वरासाठी वेगळा मोजणी-आकडा ठेवायचा आणि ज्याची मोजणी पूर्ण होईल त्याच्या नावाने तारेवर अगदी अरुंद असा एक ठोका द्यायचा. ठोके अरुंद असल्याने ते एकमेकांवर क्वचितच आदळतात आणि कानाला सर्व स्वर एकत्र, तरीही वेगवेगळे ऐकू येतात. १९८६ साली 'एजंट एक्स' या खेळासाठी टिम फॉलिन या इंग्लिश मुलाने लिहिलेले संगीत अशा करामतीमुळे आजही नावाजले जाते. त्याआधी १९८३ साली मॅथ्यू स्मिथ याने 'मॅनिक मायनर' या खेळात चित्रे हलवता हलवता मध्येच थोडे थोडे मोजून, खेळ चालू असतानाही चाल वाजती ठेवली होती.

त्याच काळात अधिक सोयीचे संगणकही होते. १९८२ च्या 'कमोडोर ६४' मध्ये संगीतासाठी वेगळी चकती होती. ती एका वेळी तीन स्वर देई, आणि मोजण्याचे काम तीच करत असल्याने मुख्य प्रक्रियक मोकळा राही. 'बीबीसी मायक्रो' या संगणकातही तीन स्वरांची सोय होती. आपल्या देशात १९८४ साली सुरू झालेल्या संगणक-साक्षरता प्रकल्पात अनेक शाळांना हेच बीबीसी संगणक देण्यात आले होते. तुमच्या शिक्षकांपैकी कोणी कदाचित त्यावर हात फिरवलाही असेल.

गंधाराचा खटला

आता आजोबांच्या तक्रारीकडे वळू. माझ्या आज्ञावलीत गंधारासाठी ४ हा आकडा होता. संगणकाने मोजण्यात कसूर केली नव्हती. मग गंधार खटकला का?

पेटीवरील आणि 'बीप'मधील स्वरांची मांडणी समान अंतरांची असते. सा पासून वरच्या सा पर्यंत वारंवारता दुप्पट होते. हे अंतर १२ सारख्या पायऱ्यांत वाटले आहे. म्हणजे प्रत्येक पायरीला वारंवारतेला अशा एका संख्येने गुणायचे, की बारा वेळा गुणल्यावर २ यावेत. ती संख्या सुमारे १.०५९४६ आहे. गंधार चार पायऱ्या वर आहे. या संख्येचा चार वेळा गुणाकार करून पहा. उत्तर सुमारे १.२६ येते. म्हणून संगणकाचा गंधार २६१.६३ गुणिले १.२६, म्हणजे सुमारे ३२९.६३ हर्ट्‌झ.

तंबोऱ्याचा गंधार मात्र वेगळा आहे. तुम्ही म्हणाल, तंबोऱ्यात तर षड्ज आणि पंचमाच्याच तारा असतात, गंधार कोठून आला? तंबोऱ्याची तार छेडली की ती केवळ मूळ वारंवारतेनेच कंप पावत नाही. तिच्यातून २ पट, ३ पट, ४ पट, ५ पट वारंवारतेचे स्वरही निघतात, आणि जवारीमुळे ते चांगले स्पष्ट होतात. खर्जाची तार संगणकाच्या षड्जाच्या दोन सप्तके खाली, म्हणजे ६५.४१ हर्ट्‌झला होती. तिची पाचपट किती? ३२७.०३ हर्ट्‌झ. हा झाला तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार. ज्यांनी शांतपणे तंबोरा ऐकला आहे त्यांना तो ऐकू येतो. संगणकाच्या षड्जाशी त्याचे गुणोत्तर बरोबर ५/४, म्हणजे १.२५ आहे. १.२६ नव्हे.

आता पहा. खोलीत एकाच वेळी दोन गंधार वाजत होते. एक ३२७.०३ चा आणि दुसरा ३२९.६३ चा. असे दोन जवळचे स्वर एकत्र आले, की त्यांचा आवाज आळीपाळीने वाढतो आणि कमी होतो. यालाच भौतिकशास्त्रात विस्पंद म्हणतात. एका सेकंदातील विस्पंदांची संख्या दोन वारंवारतांमधील फरकाइतकी असते. येथे तो फरक २.६ आहे. म्हणजे चार सेकंदांत सुमारे दहा वेळा आवाज हेलकावत होता. आजोबांचा कान नेमका तेथे अडखळत होता.

आणि पंचम बरा का वाटला? खर्जाची सहापट ३९२.४४ हर्ट्‌झ होते. संगणकाचा पंचम ३९२.०० चा होता. फरक अर्ध्या हर्ट्‌झहूनही कमी. दोन सेकंदांत एखादा सावकाश हेलकावा आला तर तो कोणाच्या लक्षात येणार? म्हणजे आजोबांचे दोन्ही निर्णय बरोबर होते. वारंवारता हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण पाऊण टक्क्याचा फरक त्यांच्या कानाने पकडला होता.

गायक प्रत्येक रागात गंधार नेमका ५/४ वरच लावतात असे मात्र समजू नका. रागाप्रमाणे आणि गायकाप्रमाणे तो किंचित वरखाली होतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी असे सूक्ष्म फरक, म्हणजे श्रुती, तारेच्या लांबीवरून मोजण्याचा प्रयत्न केला आणि १९१० साली बावीस श्रुतींवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. संगणक येण्यापूर्वी कितीतरी वर्षे आपल्याकडे कान आणि गणित यांची अशी भेट झालेली आहे.

उत्तर माहितीपुस्तकातच होते

या कथेतील सर्वांत गमतीची गोष्ट पुढेच आहे. स्पेक्ट्रमबरोबर एक जाडजूड माहितीपुस्तक मिळत असे. ते स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिले होते. पुढे कधीतरी मी ते पूर्ण वाचले. 'बीप'च्या प्रकरणात चक्क भारतीय संगीताचा उल्लेख निघाला! त्यात सांगितले होते, की भारतीय संगीतासारख्या काही संगीतपद्धतींत पेटीच्या दोन पट्ट्यांमधील अंतराहूनही लहान अंतरे लागतात, आणि 'बीप'च्या दुसऱ्या जागी अपूर्णांक लिहून ती मिळवता येतात. मी सगळे आकडे पूर्णांकांत लिहिले होते. अपूर्णांक चालतो का, हे करून पाहण्याचे मला सुचलेच नव्हते.

१.२५ या गुणोत्तरासाठी पायऱ्यांचा आकडा ४ नव्हे, ३.८६ येतो. (वरच्या वर्गात लॉगरिदम शिकलात की तुम्हांलाही तो काढता येईल.) तेव्हा आज्ञावलीची शेवटची ओळ अशी हवी होती :

५० डेटा ०, २.०४, ३.८६, ४.९८, ७.०२, ८.८४, १०.८८, १२

हे आकडे अनुक्रमे ९/८, ५/४, ४/३, ३/२, ५/३, १५/८ आणि २ या साध्या गुणोत्तरांवरून आले आहेत. पंचमाचा आकडा ७ वरून ७.०२ झाला, पण गंधाराचा ४ वरून ३.८६ पर्यंत खाली उतरला, हे ध्यानात घ्या.

याहूनही एक मौज. बीबीसी मायक्रो हा अधिक महाग आणि तीन स्वरांचा संगणक. पण त्याच्या 'साउंड' या आज्ञेत एका पायरीचे चारच भाग करता येत. म्हणजे ३.७५ किंवा ४. या दोहोंतील ३.८६ त्याला नेमका सांगताच येत नसे. एका तारेचा, पिपाणीच्या आवाजाचा स्पेक्ट्रम तो गंधार लावू शकत होता!

मला हे सगळे उमगले तेव्हा मी पदवीच्या दुसऱ्या वर्षात होतो. शाळेतील तो संगणक केव्हाच मोडीत निघाला होता आणि आजोबाही राहिले नव्हते. त्यांना ३.८६ ऐकवायचा राहून गेला. दरवर्षी ध्वनीचा पाठ आला, की वर्गात मी दोन्ही गंधार वाजवतो. पहिल्या दिवशी मी मुलांना आकडे सांगत नाही. कोणता गंधार तंबोऱ्यात मिसळतो, एवढेच विचारतो. गाणे न शिकलेली मुलेही बहुधा ओळखतात.

त्या दिवशी संगणक चुकला नव्हता, हे खरेच. त्याला ४ सांगितले, त्याने ४ वाजवले. चूक माझी होती, आणि तीही आकड्यातच नव्हती. समोर एक जाणता कान काहीतरी सांगत असताना मी 'का' असे विचारले नाही, ही ती चूक.

करून पहा

१. दोन मोबाइल फोन घ्या. दोन्हींवर ठरावीक वारंवारतेचा स्वर देणारी आज्ञावली ठेवा. एकावर ३२७ आणि दुसऱ्यावर ३३० हर्ट्‌झ लावून आवाज सारखा करा. दहा सेकंदांत आवाज किती वेळा हेलकावतो ते मोजा. उत्तर ३० च्या आसपास आले पाहिजे. आता दुसरा आकडा एकेक हर्ट्‌झने कमी करत ३२७ वर आणा. हेलकाव्यांचे काय होते?

२. आजच्या संगणकावर जुन्या स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणाऱ्या इम्युलेटर नावाच्या आज्ञावल्या मिळतात. तिच्यावर या लेखातील आज्ञावली आधी पूर्णांकांनी आणि मग अपूर्णांकांनी चालवा. पांढरी एकच्या पट्टीत तंबोरा चालू ठेवा आणि डोळे मिटून ऐका.

३. ८.८४ हा धैवत आणि पेटीचा ९ हा धैवत यांच्या वारंवारता काढा. (२६१.६३ ला ५/३ ने गुणा. पेटीच्या धैवताची वारंवारता ४४० आहे.) फरक गंधारापेक्षाही मोठा येईल. तरीही आजोबांनी धैवताची तक्रार का केली नसेल? खर्जाच्या तारेच्या पटींत हा धैवत सापडतो का, ते तपासून पहा.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करताना मुलांना आधी ऐकू द्यावे, वहीत काय ऐकू आले ते लिहू द्यावे, आणि आकडे फळ्यावर नंतर मांडावेत. तुमच्या वर्गात कोणी गाणारे असेल तर त्याला पुढे बसवा, आणि तो "हा स्वर वर लागतोय" असे म्हणाला, तर लगेच भागाकार करायला घ्या.